दोन बादल्या साधं पाणी

९ जानेवारी २०१२, सोमवार. सुट्टी.

नवी डायरी सुरू. आठ दिवस उशीर झालाय, पण डायरी रोज लिहायची असते, एक तारखेपासूनच लिहायची असते असं कोणी म्हटलेलं नाही. संकल्प: रोज लिहिणे. दोन पेपर. वजन पाच किलो कमी. आणि घराच्या पुढच्या भिंतीचा प्रश्न कायमचा निकालात काढणे.

प्रश्न असा. जपानात सेंदाई शहरातलं आमचं घर यागियामा टेकडीच्या चढावर, अगदी रस्त्याला लागून. पुढची भिंत आडव्या लाकडी फळ्यांची. बर्फ पडला की पहाटे पिवळी गाडी येते आणि चढावर मीठ टाकून जाते. बर्फाचं पाणी होतं. मग सातपासून बस सुरू होतात, आणि प्रत्येक बस ते खारट पाणी आमच्या भिंतीवर फेकून पुढे जाते. वाळलं की फळ्यांवर पांढरे ओघळ. भिंत दिवसभर घाम गाळलेल्या शर्टासारखी दिसते.

ज्या माणसाची पीएचडीच मुळी मिठाने लोखंड कसं गंजतं यावर आहे, त्याच्या घराची भिंत मिठाने खराब व्हावी, हा विनोद श्रीहरी करमरकर खपवून घेणार नाही.

१२ जानेवारी, गुरुवार.

ओइकावा-सान उद्या किनाऱ्यावरच्या इशिनोमाकीला चालले. ओइकावा-सान म्हणजे आमचे शेजारी, घरमालक, आणि हे घर स्वतःच्या हातांनी बांधणारे सुतार. वय एकाहत्तर. घर मुलासाठी बांधलं होतं. गेल्या मार्चच्या भूकंपानंतर मुलगा बायकोला घेऊन ओसाकाला गेला तो गेलाच. गेल्या सप्टेंबरात आम्हाला गावात कोणी घर देत नव्हतं. एक तर घरं शिल्लक नव्हती, आणि होती त्यांना परदेशी माणूस नको होता. ओइकावा-सानांनी आमच्या मुलीकडे, पूर्वीकडे, बघितलं आणि म्हणाले, घरात मुलाचा आवाज असला की लाकूड टिकतं. भाडं निम्मं. कागदावर एकच अट: घराला बाहेरून हात लावायचा नाही.

त्सुनामीत भिजलेली घरं दुरुस्त करायला तिकडे सुतार पुरत नाहीत, म्हणून हे निवृत्ती मोडून चाललेत. वर्षभर तरी येणार नाहीत. आज मला भिंतीपाशी नेऊन सांगितलं: मीठ पडलं की त्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी, ऊन असताना, दोन बादल्या साधं पाणी भिंतीच्या खालच्या भागावर मारायचं. बादल्या नळाखाली पालथ्या ठेवल्यात. सगळ्यात खालच्या फळ्या खराब होतील, त्या खराब व्हायलाच लावल्यात, दर काही वर्षांनी मी बदलतो. बाकी काही करू नका. बाकी काही करू नका, हे दोनदा म्हणाले.

मी म्हटलं, निश्चिंत जा, मीठ हा माझाच विषय आहे. फार बरं वाटलं त्यांना. तीनदा वाकले.

१३ जानेवारी, शुक्रवार.

मीठ पडलं. लॅबमध्ये मीटिंग होती. उद्या.

१५ जानेवारी, रविवार. संक्रांत.

काल परत मीठ. आज ऊन होतं, पण सणाच्या दिवशी बादल्या कुठे घेऊन फिरायचं? तीळ मात्र इथे छान मिळतात.

बसल्या बसल्या हिशोब केला. बादल्या भरणं, बूट घालणं, पाणी मारणं, बूट वाळवणं: एका वेळची किमान चाळीस मिनिटं. मिठाचे दिवस हिवाळ्यात साधारण साठ. म्हणजे चाळीस तास! एवढ्यात माझा एक पेपर होतो. (गेल्या वर्षी एकही झाला नाही, पण ते भूकंपामुळे.)

१९ जानेवारी, गुरुवार.

उणे सहा. या थंडीत भिंतीवर पाणी मारणं अशास्त्रीय आहे. उल्का, म्हणजे आमची सौ., म्हणाली, मग दुपारी दोनला मार, तेव्हा चार असतं. दुपारी दोनला मी लॅबमध्ये असतो. उल्का म्हणाली, मग मी मारते. म्हटलं, थांब, मी यावर मूलगामी विचार करतोय.

२४ जानेवारी, मंगळवार.

सुचलं! शॉवरखाली सुचलं.

गंज लागायला तीन गोष्टी लागतात: मीठ, पाणी, हवा. एक तोडली की खेळ खलास. समुद्रावरच्या लोखंडी पुलांना आपण काय करतो? कोटिंग. आणि आमच्या गुहागरला काय करतात? मिरगाच्या आधी घराच्या पावसाकडच्या बाजूला झडी बांधतात. हे आडपडदे पूर्वी नारळाच्या झापांचे बांधायचे, आता प्लॅस्टिकचे. चार महिने तिरका पाऊस आणि खारं वारं, पण आत भिंत कोरडी ठाक. म्हणजे आतून कोटिंग, बाहेरून झडी. एकदाच दोन दिवस काम, मग जन्मभर बादली नाही.

ओइकावा-सान परत येतील तेव्हा भिंत बघून थक्क होतील. अटीचं म्हणाल तर बदल करू नये असं आहे, संरक्षण करू नये असं नाही.

बाबांना स्काइपवर सांगितलं. ते झडीबद्दल काहीतरी समजावायला लागले. म्हटलं, बाबा, मला नका सांगू, मी लहानपणी स्वतः बांधल्यात. (मी दोरी धरायचो.)

३ फेब्रुवारी, शुक्रवार.

कोटिंगसाठी लॅबमधला इपॉक्सी मिळाला. मुदत डिसेंबरात संपली म्हणून फेकणार होते. मुदत ही कंपन्यांची विकायची युक्ती असते. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या प्रोफेसरांनी, विचारलं, कशाला हवाय. म्हटलं, फील्ड स्टडी.

५ फेब्रुवारी, रविवार.

कोटिंग पूर्ण. दोन हात दिले. भिंत सकाळच्या बसमुळे ओली होती, पण थांबलो असतो तर दुपारच्या बसमुळे ओली झाली असती. उल्का खिडकीतून विचारत होती, ओल्या लाकडावर कसं लावतोस? तिला समजावलं: आतला ओलावा आत लॉक झाला, बाहेरचा बाहेर राहिला. दोघांचा संबंध संपला.

ती म्हणाली, तेच म्हणतेय मी.

७ फेब्रुवारी, मंगळवार.

इपॉक्सी सुकला नाही. थंडीत जरा वेळ लागतो.

१० फेब्रुवारी, शुक्रवार.

अजून चिकट. भिंतीला आत्तापर्यंत चिकटलेल्या वस्तू: पानं, बसचं तिकीट, एक लोकरी हातमोजा, शेजारच्या मांजराचे केस. मांजर सुटलं. पूर्वी जपानीत ओरडत होती, बाबा, भिंत पकडते! सात वर्षांच्या मुलीला अतिशयोक्तीची हौस असते.

११ फेब्रुवारी, शनिवार. सुट्टी.

झडी बांधून झाली. बांधून म्हणजे, बांधावी लागलीच नाही. निळी ताडपत्री (भूकंपानंतर इथल्या अर्ध्या छपरांवर आहे तीच) इपॉक्सीवर टेकवली आणि अशी काही घट्ट बसली की माझा मीच बघत राहिलो. चिकटपणा हा दोष नव्हताच, गुण होता. खालची कड सिलिकॉनने पूर्ण बंद. थेंब शिरणार नाही. वर चार बोटं उघडी राहिली, कारण शिडी पुरत नाही. पण पाणी काही वर चढत नाही.

एकच शल्य. गॅसच्या मीटरपाशी दोन फूट ताडपत्री कमी पडली. तेवढी जागा उघडीच राहिली. मीटर वाचायला बाई येते, तिलाही बघायला जागा हवी, म्हणून सोडली असं धरू. अख्ख्या भिंतीतला हा एकच कच्चा दुवा. डोळ्यांत खुपतो.

२० फेब्रुवारी, सोमवार.

लॅबमधून मीठ मोजायचं यंत्र पुन्हा आणलं. ताडपत्रीवरून बोळा फिरवला, मोजलं. फळीवर जानेवारीत जे होतं त्याचा दहावा हिस्सा! पुसून मोजलं तर शून्य. ग्राफ काढला. सुंदर आहे.

मीटरपाशी मात्र अजून मीठ. उल्का त्या दोन फुटांवर बादल्या मारत असते. मला चिडवायला, दुसरं काय?

११ मार्च, रविवार.

वर्ष झालं. दोन वाजून सेहेचाळीस मिनिटांनी भोंगा वाजला. सगळी गल्ली रस्त्यावर येऊन उभी राहिली. बस पण थांबली. ड्रायव्हर खाली उतरून टोपी काढून उभा होता.

पूर्वीने माझा हात घट्ट धरला होता. गेल्या वर्षी जुन्या फ्लॅटमध्ये टेबलाखाली तिला पोटाशी धरून बसलो होतो. तेव्हापासून ती बूट उशाशी घेऊन झोपते. या घरात रस्त्याकडची खोली तिने स्वतः निवडली, का तर पुढचं दार तिथून सात पावलांवर आहे. मोजलीत तिने.

संध्याकाळी ओइकावा-सानांचा फोन. भिंत कशी आहे? म्हटलं, कोरडी. त्यांनी तिकडचं सांगितलं. समुद्राचं पाणी चढलेल्या घरांच्या भिंती खालून उघडतात, गोड्या पाण्याने धुतात, आणि कित्येक महिने तशाच उघड्या ठेवतात. पुढचं काम वारा करतो, म्हणाले. मी हो हो म्हटलं. वय झालंय, पद्धतीही जुन्या.

२३ मार्च, शुक्रवार. पाडवा.

गुढी उभारायला पुढचं दार उघडायला गेलो तर उघडेना. खांदा लावावा लागला. दमट हवा.

१३ मे, रविवार.

दोन महिने लिहायचं राहिलं. काम. वजन तेवढंच. पेपर चालू आहे, म्हणजे शीर्षक झालंय: ‘मिठापासून लाकडी दर्शनी भिंतीचं संपूर्ण संरक्षण.’

सकाळी अकराला पूर्वी धावत आली. तिच्या खोलीत, रस्त्याकडच्या कोपऱ्यातून, भिंत आणि जमीन यांच्या फटीतून पंखवाल्या मुंग्या निघत होत्या. शेकड्यांनी. चटईवर पंख गाळून इकडेतिकडे पळत होत्या. उल्का दारात उभी राहून म्हणाली, श्री, ही वाळवी आहे. म्हटलं, वाळवी पावसाच्या तोंडावर उडते, दिव्यावर येते, गुहागरला शेकडोंनी बघितलीय. आत्ता ना पाऊस, ना दिवा. या जपानी मुंग्या आहेत.

व्हॅक्यूमने ओढल्या. पिशवी निम्मी भरली.

१४ मे, सोमवार.

आज नाहीत. बघा, म्हटलं होतं.

१७ जून, रविवार.

पावसाळा लागला. खिडकीखालून पाणी ओघळतं आणि ताडपत्रीच्या वरच्या त्या चार बोटांपाशी नाहीसं होतं. कुठे जातं कोणास ठाऊक. निचरा उत्तम असावा.

ताडपत्रीला मध्यावर थोडं पोट आलंय. दाबलं की आत मऊ लागतं. बोट काढलं की हळूहळू परत फुगतं.

२ जुलै, सोमवार.

खोलीत वास येतो. भिजलेल्या गोणपाटाचा. पूर्वी म्हणते, भिंत रडते. जपानीत म्हणते, काबे गा नाइतेरु. हात लावून बघितलं, हात ओला झाला. शाळेत कविता फार घेतात त्यांच्या.

उल्काला हे काव्य वाटत नाही. सुताराला बोलाव म्हणाली. म्हटलं, सेंदाईत सुतार? सगळे किनाऱ्यावर आहेत. मग ओइकावा-सानांना फोन कर. म्हटलं, ज्यांचं घर समुद्राने नेलं त्यांची कामं सोडून त्यांनी आपल्या वासासाठी यायचं? ती स्वयंपाकघरात निघून गेली. वादात मी क्वचित जिंकतो, म्हणून नोंद.

२१ जुलै, शनिवार.

कोपऱ्यात एक छोटं पांढरं छत्र उगवलंय. चटईतून. पूर्वीने त्याचं नाव किनोको-चान ठेवलं. किनोको म्हणजे अळंबी. सकाळ-संध्याकाळ मापते. आजचं माप: तीन सेंटीमीटर.

मी उपटलं.

२३ जुलै, सोमवार.

परत आलं. आता दोन आहेत.

१२ ऑगस्ट, रविवार.

ठरवलं की ताडपत्री उन्हाळ्यापुरती काढू. तसं काही म्हणून नाही, जरा हवा म्हणून. कड धरून ओढली. निघेना. जोर लावला तर ताडपत्रीबरोबर फळीचा पापुद्रा सुटून आला, आणि खालचं लाकूड भिजलेल्या ब्रेडसारखं. परत दाबून बसवली. वरून चिकटपट्टी.

माझं मत: ओला दिसणारा भाग म्हणजे कोटिंगचाच थर. लाकूड त्याच्या आत आहे, सुरक्षित.

हे उल्काला सांगितलेलं नाही. उगाच तिला तांत्रिक गोष्टींत ओढायचं.

१९ सप्टेंबर, बुधवार. गणेश चतुर्थी.

मोदक फुटले, पण चव होती. स्काइपवर बाबांना गणपती दाखवला. मग त्यांनी आपणहून विचारलं, तुझी झडी दाखव. लॅपटॉप उचलून बाहेर नेला. बाबांचा चेहरा पडद्यावर थिजला. मला वाटलं नेट गेलं.

मग म्हणाले, अरे, ही भिंतीला चिकटलीय. झडीला भिंतीपासून हातभर अंतर ठेवतात, मधून वारा खेळायला. आणि दसऱ्याला सोडतात. तू दोरी धरायचास ना, दोरी कशाला होती? पुढे म्हणाले, श्री, पोरीला कुठल्या खोलीत झोपवतोस?

बाबांना जपानचं हवामान माहीत नाही. आत्ता रात्रीचे दोन वाजलेत, झोप लागत नाही, पण ते मोदकांमुळे असेल.

२१ ऑक्टोबर, रविवार.

पूर्वीची पेन्सिल तिच्या टेबलावरून आपोआप घरंगळते. नेहमी रस्त्याच्या दिशेने. तिने एक खेळ काढलाय: गोटी खोलीच्या दारात ठेवायची आणि कोपऱ्यात पोचेपर्यंत आकडे मोजायचे. जूनमध्ये अकरा लागायचे म्हणे. आता सात.

कोपऱ्यात भिंतीला उभी भेग आहे. बारीक. ओइकावा-सान नवीन वर्षाला येणार आहेत, त्यांना दिसायला बरी नाही, म्हणून पुस्तकांचं मोठं कपाट सरकवून तिथे लावलं. कपाट जरा पुढे झुकतं, खाली पुठ्ठा घातला.

५ नोव्हेंबर, सोमवार.

मीटर वाचणारी बाई आली होती. उल्काला म्हणाली, माफ करा, पण दर महिन्याला तुमच्या घराची वळचण माझ्या टोपीला जरा जवळ येतेय असं वाटतं. मग स्वतःच हसली आणि वाकून गेली.

हसण्यावारी नेलं. बाई उंच आहे.

१३ नोव्हेंबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

भांडण. लॅबमधून आलो तर उल्काने पूर्वीचं अंथरूण मागच्या खोलीत, स्वयंपाकघराशेजारी नेलेलं. मला न विचारता. म्हटलं, पुढची खोली सर्वांत सुरक्षित आहे, दार सात पावलांवर आहे. उल्का म्हणाली, ते दार तू शेवटचं कधी उघडलंस? पाडव्याला खांद्याने. आता लाथेनेही उघडत नाही, आम्ही तीन महिने मागच्या दाराने ये-जा करतोय, तुझ्या लक्षात तरी आलंय का?

आलं होतं. मला वाटलं, मागचं दार बसस्टॉपला जवळ पडतं म्हणून.

पुढे म्हणाली, गेला अख्खा हिवाळा दोन बादल्या टाकायला सांगत होते, पालथ्या घड्यावर पाणी. ते पाणी भिंतीवर पडलं असतं तर बरं झालं असतं.

रागाने जेवलो नाही. मग थोडं जेवलो. चकल्या चांगल्या झाल्या होत्या.

२ डिसेंबर, रविवार.

पहिला बर्फ. पहाटे पिवळी गाडी. सकाळी खिडकीतून बघत होतो: बस आली, खारं पाणी उडालं, ताडपत्रीवरून ओघळून गेलं. वर्षभरात एकही बादली नाही! उल्काला बोलावून दाखवलं. ती बघत होती ते वर, खिडकीकडे. चौकट तिरकी झाली होती.

मनातलं लिहायचंच तर: मला भीती वाटते. कसली ते माहीत नाही. संध्याकाळी दाराच्या कडेला दोन ठिकाणी तेल सोडलं.

७ डिसेंबर, शुक्रवार. रात्री आठ. शाळेचं जिम.

पाच वाजून अठरा मिनिटं. भूकंपाच्या इशाऱ्याने फोन आधी ओरडले, मग जमीन. बराच वेळ हलत होतं, गेल्या वर्षीइतकं नाही, पण लांबत लांबत चाललेलं.

मी पुढच्या खोलीत होतो. मी काय केलं ते लिहून ठेवतो. मी पुढच्या दाराकडे धावलो. सात पावलं. दार ढकललं, खांदा लावला, लाथ मारली. माझ्या भिंतीने दार धरून ठेवलं होतं. मागून आवाज आला, कपाट पडलं. पूर्वीचं अंथरूण असायचं बरोबर त्या जागेवर. मग कोपरा खाली बसला. मोडल्याचा आवाज नाही आला. उसासा टाकून कोणी खाली बसावं तसा आला.

मी दार सोडून ओरडायला लागलो. पूर्वी, पूर्वी. आणि बाहेर रस्त्यावरून, दाराच्या पलीकडून, उल्काचा आवाज आला की आम्ही बाहेर आहोत, मागून ये, मूर्खासारखं तिथे उभा राहू नकोस. त्या दोघी केव्हाच मागच्या दाराने बाहेर पडल्या होत्या. पूर्वीने बूट घातले होते. मी नव्हते घातले.

समुद्राच्या इशाऱ्याचे भोंगे वाजत होते. चढावर खालून गाड्या येत होत्या. सगळी घरं उभी होती. एक आमचं सोडून. म्हणजे, तेही उभं होतं, पण गुडघा टेकलेलं.

कोणाला लागलं नाही.

कोणाला लागलं नाही.

८ डिसेंबर, शनिवार.

ओइकावा-सान पहाटेच इशिनोमाकीहून निघाले. दहाला पोचले. आधी पूर्वीकडे गेले, तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग भिंतीकडे वळले. निळ्या ताडपत्रीच्या पोटावर तळहात दाबला. मी आपणहून सांगायला लागलो: मीठ, पाणी, हवा, तिन्ही तोडली. माझं जपानी मध्येच संपलं.

त्यांनी सुरी काढली आणि ताडपत्री खालच्या कडेला चिरली. आतून पाणी आलं. काळं. बराच वेळ येत राहिलं, रस्ता ओलांडून समोरच्या गटारात गेलं. वर्षभर साठलेलं.

मग स्क्रूड्रायव्हर घेऊन ते गुडघ्यांवर बसले. भिंतीखाली एक आडवी तुळई असते, अख्खी भिंत तिच्यावर उभी. कोपऱ्यात टोचला, मुठीपर्यंत आत गेला. हातभर पुढे सरकले. मुठीपर्यंत. आणखी पुढे. मुठीपर्यंत. मी प्रत्येक वेळी मनात म्हणत होतो, आता लागेल, आता कठीण लागेल. असं करत ते गॅसच्या मीटरपाशी आले. त्या उघड्या दोन फुटांपाशी.

टक्.

परत टोचलं. टक्. तिथल्या फळ्या हाताने चाचपल्या. राखाडी झाल्या होत्या, बाकी धडधाकट. पहिल्यांदाच मान वर करून विचारलं, हे कोणी सांभाळलं? मी उल्काकडे बघितलं. उल्का म्हणाली, मीठ पडलं की दोन बादल्या. तिथेच तेवढी जागा उरली होती.

ओइकावा-सान तिच्यासमोर वाकले. खूप खाली. मग मी जे करायला हवं होतं ते केलं, म्हणजे रस्त्यावर गुडघे टेकून माफी मागितली. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. म्हणाले, मुलासाठी बांधलं होतं. एवढंच. माझ्यावर ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

१५ डिसेंबर, शनिवार.

विद्यापीठाने फ्लॅट दिला. पाचवा मजला, काँक्रीट.

ओइकावा-सानांनी पुढची बाजू उतरवून तीन खांबांचा टेकू दिला आणि परत गेले. घर नीट करायचं तर पुढची दोन वर्षं त्यांना वेळ नाही. इशिनोमाकीत लोक रांगेत आहेत. फोनवर मी म्हटलं, आमच्यासाठी रांग मोडू नका. ते म्हणाले, नाही मोडणार, त्यांची घरं समुद्राने नेली. पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. मला ऐकू आलं.

पूर्वी रात्री विचारते, या फ्लॅटचं दार उघडतं का. मी उघडून दाखवतो. रोज दोनदा.

पेपरचं शीर्षक खोडलं.

२२ डिसेंबर, शनिवार. दुपार.

काल रात्री बर्फ, पहाटे मीठ. उल्काला सांगितलं, लॅबमध्ये जातो. बसने जुन्या घरी गेलो. ती दोन फुटांची भिंत ओइकावा-सानांनी तशीच ठेवलीय, मीटरसकट. बाकी नुसता सांगाडा. बादल्या नळाखाली पालथ्या होत्या.

ऊन होतं. दोन बादल्या भरल्या, खालच्या फळ्यांवर मारल्या, पांढरे ओघळ गेले. बादल्या परत पालथ्या घातल्या.

घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं लागली. त्यातलं एक मिनिट, नळ गोठू नये म्हणून बांधलेलं फडकं सोडण्यात गेलं.